आपल्याच रक्तातले औषध आपल्या वस्तीला कधी मिळणार?

वर्षावासातली संध्याकाळ होती. विहारात ग्रंथवाचन संपले, खीर वाटून झाली आणि बायका भांडी आवरू लागल्या. तेवढ्यात मागच्या चाळीतल्या एक ताई मोबाईल घेऊन आमच्याकडे आल्या. व्हॉट्सॲपवर आलेला संदेश त्यांनी दाखवला. त्यात लिहिले होते, 'रक्ताच्या कॅन्सरवर मुंबईत इलाज निघाला, एकाच सलाईनमध्ये बरा.' ताईंनी विचारले, "हे खरं आहे का? आणि खरं असेल तर आमच्या पोराला मिळेल का?"

त्यांचा मुलगा एकोणीस वर्षांचा. रक्ताचा कर्करोग बरा झाला म्हणून घरी आणलेला आणि दीड वर्षाने तो पुन्हा उलटलेला. वडील कंत्राटी सफाई कामगार. सुरुवातीला पोराचा ताप महिनाभर उतरत नव्हता. तेव्हा गल्लीतल्या दवाखान्यात त्याला सलाईन आणि ताकदीची इंजेक्शने दिली गेली, पण रक्ताची साधी तपासणी कुणी सांगितली नाही. तो महिना वाया गेला, ही सल त्या माउलीच्या मनातून अजून गेलेली नाही.

या पानासाठी लिहिणाऱ्या आमच्या गटात एक परिचारिका आहे, एक भाऊ रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे, बाकीचे आम्ही वस्तीतले कार्यकर्ते. त्या दिवशी ताईंच्या दोन्ही प्रश्नांना आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. नंतर आम्ही वाचले, जाणकारांना विचारले, समजून घेतले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे: होय, बरेचसे खरे आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र आपण सगळ्यांनी मिळून मागायचे आहे. म्हणून हा लेख.

रक्तातल्या शिपायांना नवी ओळख

आपल्या रक्तात तांबड्या पेशी असतात तशा पांढऱ्या पेशी असतात. त्यांच्यातला एक प्रकार म्हणजे टी पेशी. शरीरात शिरलेला जंतू किंवा बिघडलेली पेशी शोधून मारणे हे त्यांचे काम. कर्करोगाची पेशी मात्र आपल्याच शरीरातली असल्याने ती अनेकदा या शिपायांच्या नजरेतून सुटते.

यावर शास्त्रज्ञांनी उपाय काढला. रुग्णाचे रक्त यंत्रातून फिरवून त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या आणि बाकीचे रक्त परत शरीरात सोडायचे. प्रयोगशाळेत त्या टी पेशींमध्ये एक नवे जनुक बसवायचे. जनुक म्हणजे पेशीने काय बनवायचे, याचा लिहिलेला हुकूम. हे जनुक आत पोचवण्यासाठी निर्बल केलेला विषाणू वापरतात. नवा हुकूम मिळाला की टी पेशीच्या अंगावर एक खास पकड उगवते. बी पेशींच्या कर्करोगात बिघडलेल्या पेशींवर 'सीडी-१९' नावाची खूण असते, ती खूण ही पकड बरोबर हेरते. अशा पेशी वाढवून कोट्यवधी करायच्या आणि सलाईनसारख्या रुग्णाला परत द्यायच्या. या उपचाराला 'कार-टी' म्हणतात. यातले औषध कारखान्यातल्या गोळीसारखे सगळ्यांसाठी एकच नसते. ते त्या माणसाच्या स्वतःच्या रक्तातून, त्याच्यापुरते तयार होते.

अमेरिकेत २०१२ साली फिलाडेल्फियाच्या रुग्णालयात सहा वर्षांच्या एका मुलीला हा उपचार मिळाला. लहान मुलांमध्ये ती पहिलीच. सगळी औषधे हरली होती, तरी ती बरी झाली. २०१७ मध्ये तिथल्या सरकारने या उपचाराला मान्यता दिली. किंमत मात्र आपल्या पैशांत तीन-चार कोटी रुपये.

आता आपल्या मुंबईचे पाहू. पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियल रुग्णालयातले डॉ. हसमुख जैन, डॉ. गौरव नरुला व त्यांचे सहकारी यांनी हा उपचार इथेच घडवला. जून २०२१ मध्ये टाटाच्याच खारघरमधल्या केंद्रात भारतातल्या पहिल्या रुग्णाला या पेशी दिल्या गेल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांनी मान्यता दिली. 'नेक्सकार-१९' हे त्याचे नाव. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत येऊन त्याचे लोकार्पण केले. म्हणजे ताईंच्या मोबाईलवरचा संदेश अगदीच थाप नव्हता.

पण पुरते सत्यही नव्हते. २०२५ मध्ये 'लॅन्सेट हिमॅटॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात या चाचणीचे निष्कर्ष आले. एकूण ६४ रुग्ण होते. ज्यांच्यावरचा परिणाम मोजता आला त्यांच्यापैकी ७३ टक्के रुग्णांमध्ये उपचार लागू पडला. इतर औषधे हरलेल्या आजारात ही मोठी गोष्ट आहे. मात्र सगळ्यांमध्ये तो परिणाम टिकला नाही. अनेकांचा आजार काही महिन्यांत परतला. पेशी अंगात गेल्यावर जोराचा ताप येतो, रक्तदाब कोसळू शकतो, काही वेळा मेंदूवर परिणाम होतो. बी पेशी कमी झाल्याने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. म्हणून हा उपचार अतिदक्षता विभाग हाताशी असलेल्या रुग्णालयातच होतो. सध्याची मान्यता ठराविक बी पेशींच्या कर्करोगांसाठी आहे, आणि तीही आजार उलटला किंवा नेहमीच्या औषधांना दाद देईना तेव्हा. स्तनाच्या, तोंडाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला हे औषध नाही. 'एकाच सलाईनमध्ये कॅन्सर बरा' असे सांगणारा संदेश यातले काहीच सांगत नाही.

जनुकांची कात्री कशासाठी?

कार-टी मध्ये नवे जनुक बसवले जाते. याच्या पुढचे पाऊल म्हणजे पेशीत आधीपासून असलेल्या जनुकात नेमका फेरफार करणे. याला जनुकीय संपादन म्हणतात. त्यासाठीचे सर्वांत गाजलेले साधन म्हणजे 'क्रिस्पर'. जीवाणू आपल्यावर चाल करून येणाऱ्या विषाणूचे जनुक कापतात, त्यांच्याकडूनच माणसाने ही युक्ती घेतली. एक छोटा वाटाड्या नेमका पत्ता दाखवतो आणि कात्री तिथेच कापते. या शोधासाठी इमॅन्युएल शार्पेंटिए आणि जेनिफर डाऊडना या दोन स्त्रियांना २०२० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्या मुलींना हे आवर्जून सांगा.

ही कात्री उपचाराआधी अभ्यासाला उपयोगी पडते. इमारतीत कुठली वायर कुठल्या दिव्याची हे कळत नसेल, तर वायरमन एकेक फ्यूज काढून कुठला दिवा विझतो ते पाहतो. शास्त्रज्ञ टी पेशींच्या बाबतीत तेच करतात. एका पेशीतले हे जनुक बंद करायचे, दुसऱ्या पेशीतले ते, आणि मग पाहायचे: कोणती पेशी अधिक जोमाने लढली, कोणती लवकर थकली, कोणती भलतीकडेच वळली. टी पेशींना निसर्गाने ब्रेक दिलेले आहेत, नाहीतर त्या आपल्याच शरीरावर तुटून पडतील. कर्करोग नेमके हेच ब्रेक दाबून धरतो. कुठला ब्रेक किती सैल करायचा, हे अशा अभ्यासातून कळते.

निसर्गही काही मुलांच्या बाबतीत असा फ्यूज काढून ठेवतो. जन्मापासून प्रतिकारशक्ती दुबळी असलेली ही मुले वारंवार न्यूमोनियाने, फोडांनी, जुलाबांनी आजारी पडतात. आपल्याकडे अशा मुलाला 'अशक्तच जन्मले' म्हणून सोडून देतात. प्रत्यक्षात त्याच्या एखाद्या जनुकात दोष असू शकतो. त्याच्या तपासण्या केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत होतात. दादर, नायगाव, लालबागहून चालत जाता येईल एवढ्या अंतरावरची ही सरकारी संस्था आपल्यातल्या कितीजणांना माहीत आहे?

लंडनमध्ये मे २०२२ मध्ये तेरा वर्षांच्या एका मुलीला संपादित टी पेशी दिल्या गेल्या. तिचा कर्करोग टी पेशींचाच होता, म्हणून निरोगी दात्याच्या पेशी घेऊन त्यांत अनेक ठिकाणी फेरफार करावे लागले. महिनाभरात तिचा आजार तपासणीत दिसेनासा झाला आणि मग तिच्यावर अस्थिमज्जेचे, म्हणजे बोन मॅरोचे, प्रत्यारोपण झाले. दात्याच्या पेशी आधीच तयार ठेवता आल्या, तर उद्या हे औषध स्वस्त होऊ शकते. गरिबांनी या संशोधनाकडे आशेने पाहावे ते यासाठी.

किंमत कुणी ठरवली, पैसा कुणाचा?

नेक्सकार-१९ बाजारात आले तेव्हा त्याची किंमत चाळीस लाखांच्या घरात सांगितली गेली. परदेशातल्या तीन-चार कोटींपुढे ही फारच कमी. ज्यांनी हे करून दाखवले त्यांचे कौतुक आम्ही मोकळ्या मनाने करतो. पण ज्या घरात महिन्याला पंधरा हजार येतात, त्या घराला चार कोटी आणि चाळीस लाख यांत फरक काय? दोन्ही आकडे सारखेच लांब.

मग सरकारी योजना? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. नेहमीच्या केमोथेरपीला, शस्त्रक्रियेला ही योजना मोठा आधार आहे आणि प्रत्येक घराने ती वापरावी. पण चाळीस लाखांच्या उपचाराला पाच लाख कसे पुरतील?

इथे आमचा मुद्दा सरळ आहे. हा उपचार कुणा शेटजीच्या तिजोरीतून आलेला नाही. आयआयटी सरकारी. टाटा रुग्णालय १९४१ साली टाटांच्या न्यासाने उघडले खरे, पण १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. माणसांवरच्या पहिल्या चाचण्यांसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या संस्थेने १९ कोटी १५ लाख रुपये मंजूर केले होते. हा जनतेचा पैसा. काडेपेटीपासून मोबाईलच्या रिचार्जपर्यंत प्रत्येक खरेदीत आपण कर भरतो. वॉर्ड झाडणाऱ्या बाईने भरला, ट्रॉली ढकलणाऱ्या भावाने भरला. त्या पैशातून घडलेले औषध कंपनीमार्फत बाजारात येते तेव्हा त्यातला काही वाटा हक्काने गरिबांसाठी राखून ठेवला पाहिजे. ही भीक नव्हे.

आम्हांला माहीत आहे की प्रत्येक रुग्णासाठी वेगळे औषध करायला खर्च येतो. कंपनी चालली नाही तर पुढचे संशोधन थांबेल, हेही खरे. म्हणून आमची मागणी फुकट वाटण्याची नाही. राज्य आणि केंद्र सरकारने पेशी-उपचारांसाठी वेगळा निधी उभारावा. सरकारने रुग्णांच्या वतीने एकत्र खरेदी करून भाव पाडावा. आणि कुणाला उपचार मिळाला, याचा हिशेब दरवर्षी जाहीर करावा. किती रुग्ण जनरल वॉर्डातले होते, किती खासगी, किती अनुसूचित जाती-जमातींचे, हे कळल्याशिवाय न्याय झाला की नाही हे कळणार कसे? रक्त घेणारे यंत्र कुणाचे आडनाव विचारत नाही. पण त्या यंत्रापर्यंत पोचण्याच्या वाटेवर आडनाव, पत्ता आणि पगार तिन्ही आडवे येतात.

संमती म्हणजे अंगठा नव्हे

वस्तीत आम्हांला आणखी एक प्रश्न विचारला जातो: "आमच्यावर प्रयोग तर करत नाहीत ना?" या भीतीला हसू नये. तिला इतिहास आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्यात लस तयार केली, १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना. कैदी तयार झाले असे म्हणतात. पण कोठडीतल्या माणसाचा होकार कितपत मोकळा असतो? त्याच लसीने पुढे असंख्य जीव वाचवले, हेही तितकेच खरे. प्लेगनंतर शहर सुधारण्यासाठी १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याच ट्रस्टने बांधलेल्या परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेबांनी कितीतरी वर्षे काढली. त्यांची चार लेकरे लहानपणीच गेली. औषध असून ते वेळेत घरापर्यंत न पोचण्याचे दुःख त्या चाळीला ठाऊक आहे.

अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स नावाची एक गरीब कृष्णवर्णीय स्त्री होती. १९५१ मध्ये तिच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातल्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या. ती त्याच वर्षी वारली. तिच्या पेशी मात्र जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत राहिल्या, त्यांच्यावर लसी आणि औषधे घडली, कंपन्यांनी पैसा केला. तिच्या घरच्यांना कित्येक वर्षे पत्ताही नव्हता. एका मोठ्या कंपनीशी त्यांची तडजोड झाली ती २०२३ मध्ये. आपल्या देशात २००९-१० मध्ये आंध्र आणि गुजरातमध्ये मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. त्यात अनेक आदिवासी मुलींच्या बाबतीत पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या. संसदेच्या समितीने त्यावर ताशेरे ओढले. लस वाईट नव्हती. वागणे वाईट होते.

म्हणून आम्ही चाचण्यांना सरसकट नको म्हणत नाही. चाचणीत भाग घेतल्याशिवाय नवे औषध आपल्या शरीराला मानवते की नाही हे कळणारच नाही, आणि पैसे नसलेल्या रुग्णाला कधी कधी चाचणीतूनच महागडा उपचार मिळतो. पण २०१९ च्या नियमांनी आपल्याला दिलेले हक्क पाठ असू द्या. माहिती आपल्याला समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे. सही केलेल्या संमतिपत्राची प्रत आपल्या हातात आली पाहिजे. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई मिळाली पाहिजे. कधीही बाहेर पडता आले पाहिजे, आणि बाहेर पडलो म्हणून नेहमीचे उपचार बंद होता कामा नयेत. पेशी काढून घेतल्या तर त्या पुढे कशासाठी वापरणार, किती वर्षे ठेवणार, हेही विचारा. "मॅडम, मला घरी वाचून उद्या सही करता येईल का?" हा प्रश्न विचारायला शिका. चांगले डॉक्टर त्याने रागावत नाहीत.

सिकलसेलची गोष्ट घरचीच

मुंबईतल्या आपल्या अनेक घरांच्या सोयरिकी नागपूर, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडे आहेत. त्या पट्ट्यात आदिवासी बांधवांप्रमाणेच आपल्या बौद्ध समाजातही सिकलसेल हा रक्ताचा आजार मोठ्या प्रमाणात आढळतो. एका जनुकातल्या एवढ्याशा चुकीमुळे तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, रक्तवाहिनीत अडकते आणि हाडे, सांधे, पोट असह्य दुखते. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक स्वतः सहसा ठणठणीत असतो, म्हणून तपासल्याशिवाय कळत नाही.

जनुकांची कात्री पहिल्यांदा मान्यता मिळवून रुग्णापर्यंत पोचली ती याच आजारात. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने 'कॅसजेव्ही' या उपचाराला परवानगी दिली. अमेरिकेतली किंमत बावीस लाख डॉलर. आपल्या देशातही दिल्लीच्या सरकारी जीनोमिक्स संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी सिकलसेलसाठी क्रिस्परचा उपचार विकसित केला आहे आणि त्याला बिरसा मुंडांचे नाव दिले आहे. नाव योग्यच आहे. आता हा उपचार बिरसांच्या लेकरांपर्यंत पोचला पाहिजे.

तोवर हातात आहे ते करू. पत्रिका जुळवण्याची रूढी आपण सोडली, आता रक्ताची तपासणी जुळवू. लग्नाआधी मुलगा-मुलगी दोघांची सिकलसेल तपासणी व्हावी. कुणी वाहक निघाला तर त्यात लाज नाही. तो जातीचा दोष नाही, मागच्या जन्मीचे पाप तर नाहीच नाही. जात रक्तात असते हा दावा बाबासाहेबांनी १९३६ मध्येच खोडून काढला होता. आज जनुकांचा अभ्यासही हेच सांगतो की आजाराचे जनुक माणसाच्या लायकीबद्दल काहीही सांगत नाही.

सावध राहा, पण दार बंद करू नका

जिथे आशा असते तिथे दुकान लागते. 'स्टेम सेलने मधुमेह, लकवा, मतिमंदत्व, सगळे बरे' असे सांगून लाखो रुपये उकळणारे कमी नाहीत. आपल्या ओळखीतल्या एका कुटुंबाने मुलासाठी गावची जमीन विकून असा 'कोर्स' केला. पावती साध्या कागदावर, गुण शून्य. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने स्पष्ट सांगितले आहे की रक्ताच्या आजारांतले मज्जा-प्रत्यारोपण सोडले तर बहुतेक आजारांत स्टेम सेल हा सिद्ध उपचार नाही. कुणी असा उपचार सांगितला तर विचारा: मान्यता कुणाची? चाचणी असेल तर सरकारी नोंदणी क्रमांक काय? आणि चाचणी असेल तर माझ्याकडून पैसे का घेता? बहुतेक वेळा या तिसऱ्या प्रश्नालाच दुकानदार गडबडतो. बुद्धाने कालामांना हेच शिकवले होते, की कुणी सांगितले म्हणून मानू नका, पारखून घ्या.

आणि एक गोष्ट ठळक सांगायची आहे. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात नेहमीच्या केमोथेरपीनेच बहुतांश मुले बरी होऊ शकतात. अट दोनच: लवकर यायचे आणि दोन-तीन वर्षांचा उपचार अर्धवट सोडायचा नाही. न उतरणारा ताप, अंगावर आपोआप उठणारे निळे डाग, हिरड्यांतून रक्त, चेहरा पांढराफटक, हाडांत दुखणे, मानेत-काखेत गाठी, यांपैकी काही दिसले तर महापालिकेच्या दवाखान्यात 'सीबीसी' ही रक्ततपासणी मागून घ्या. ताईंच्या मुलाचा वाया गेलेला महिना आपल्यापैकी कुणाच्या वाट्याला येऊ नये.

आपण काय करायचे?

एक. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला आपण रक्तदान शिबिरे घेतो. त्याच मंडपात मज्जादात्यांच्या नोंदणीचे टेबल लावू. गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतात, दुखत नाही. मज्जा जुळण्याची शक्यता आपल्याच प्रदेशातल्या, आपल्याच समाजातल्या माणसांत अधिक असते. आपलेच लोक यादीत नसतील तर आपल्या लेकराला जुळणार कोण? १९५२ मध्ये परळच्या केईएममध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'बॉम्बे' हा दुर्मीळ रक्तगट शोधला, तोही साध्या रुग्णांच्या रक्तातून. कुणाच्या रक्तात काय सापडेल आणि ते कुणाला जीवदान देईल, सांगता येत नाही.

दोन. प्रत्येक विहारात एक आरोग्यमित्र ठेवू. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात कुठले कागद लागतात, रेशनकार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला कसा काढायचा, धर्मादाय रुग्णालयांतल्या गरिबांसाठी राखीव खाटा कशा मागायच्या, राष्ट्रीय आरोग्य निधी आणि मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज कसा भरायचा, हे सांगणारा माणूस वस्तीतच असावा. आपल्या कितीतरी बहिणी-भाऊ याच रुग्णालयांत आया, वॉर्डबॉय, सफाई कामगार आहेत. त्यांना आतले सगळे मार्ग ठाऊक असतात. त्यांचे हे ज्ञान संघटित करू.

तीन. पेशी-उपचारांच्या वेगळ्या निधीची मागणी आपल्या आमदार-खासदारांकडे लेखी नेऊ. सह्यांचा नमुना या पानाच्या गटाकडे मिळेल.

चार. आपली मुले या प्रयोगशाळांत गेली पाहिजेत. परळच्या चाळीतला एक तरुण १९१३ साली शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेला आणि देशाचे संविधान घडवून गेला. आज बारावी विज्ञान झालेल्या मुलीला जैवतंत्रज्ञान म्हणजे काय, फ्रीशिप कशी मिळते, 'बार्टी'ची अधिछात्रवृत्ती म्हणजे काय, हे सांगायला कुणी नसेल तर दोष तिचा नाही, आपला आहे. वॉर्ड झाडणाऱ्या आईची लेक उद्या तिथेच टी पेशींवर संशोधन करील, तेव्हा कुठला आजार आधी अभ्यासायचा हे ठरवताना आपल्या वस्तीचाही आवाज असेल.

ताईंच्या मुलाबद्दल सांगायचे राहिले. त्याला पुन्हा केमो दिली गेली, आजार आटोक्यात आला. धाकट्या बहिणीचा बोन मॅरो त्याला पूर्ण जुळला आणि प्रत्यारोपण झाले. योजनेचे पैसे, दोन न्यासांची मदत, वस्तीची वर्गणी आणि वडिलांचे कर्ज, असे सगळे मिळून खर्च भागला. तो आता घरी आहे, तोंडाला मास्क लावून खिडकीत बसतो आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तके वाचतो. परवा ताई भेटल्या. म्हणाल्या, "पोरगी होती म्हणून निभावलं. नसती तर त्या चाळीस लाखांच्या दारात मी कुणाला घेऊन उभी राहिले असते?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे अजून नाही. ते सरकारकडून घ्यायचे आहे, आणि ते एकट्या ताईंनी मागायचे नाही. आपण सगळ्यांनी त्यांच्यासोबत उभे राहू.

जय भीम!